एका घोषणेचे छत्तीस रूपभेद : फ्रेडरिक झेव्स्की यांचे संगीत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हटले की चळवळीतील कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर झुंबरांचे सभागृह, काळ्या कोटातील वादक आणि महागडी तिकिटे परवडणारा श्रोतृवर्ग उभा राहतो. हे चित्र खोटे नाही. राजेरजवाडे, चर्च आणि पुढे भांडवलदार वर्ग यांच्या आश्रयाने हे संगीत वाढले. अमेरिकेत तर ते आजही बव्हंशी धनिकांच्या देणग्यांवर उभे आहे. अशा संगीताच्या पोटातून श्रमिकांच्या बाजूने काही निर्माण होऊ शकते काय, आणि झालेच तर ते श्रमिकांपर्यंत पोचते काय, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. ते एकमेकांत मिसळल्यामुळे आपल्याकडच्या चर्चेत पुष्कळ गोंधळ माजतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंकोचपणे होकारार्थी देता येते. दुसऱ्याचे तितके सोपे नाही. या दोन्ही प्रश्नांशी आयुष्यभर झुंजलेला अमेरिकन संगीतकार म्हणजे फ्रेडरिक झेव्स्की.

झेव्स्की यांचा जन्म १९३८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टफील्ड या गावी झाला. २०२१ च्या जून महिन्यात इटलीत त्यांचे निधन झाले. आडनाव पोलिश वळणाचे, शिक्षण हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या नामांकित विद्यापीठांत. त्या काळी अमेरिकन विद्यापीठांतून संगीतरचनेची जी पद्धत शिकवली जात होती, तिच्यात गणित अधिक आणि कान कमी अशी परिस्थिती होती. श्रोत्यांनी संगीतकाराचे संगीत समजून घेतलेच पाहिजे असे नाही, तो आपला विशेषज्ञ आहे, असे तिथले काही प्राध्यापक उघडपणे मानीत. अर्थशास्त्राच्या क्षेत्रातही याच सुमारास असे विशेषज्ञ निपजत होते, हा काही योगायोग नव्हे. झेव्स्की हे सारे शिकले आणि त्यात पारंगत झाले. पियानोवादक म्हणून त्यांचा हात इतका तयार होता की युरोपातील नव्या संगीताच्या अतिशय अवघड रचना प्रथम वाजवण्याचे काम त्यांच्याकडे येई. पुढे इटलीत त्यांनी डाल्लापिकोला यांच्याकडे अध्ययन केले आणि १९६६ साली रोममध्ये ॲल्विन करन, रिचर्ड टाइटलबाम या सहकाऱ्यांसमवेत ‘म्युझिका एलेत्रोनिका व्हिव्हा’ हा गट स्थापन केला. सामूहिक, उत्स्फूर्त वादन हे या गटाचे वैशिष्ट्य. काही कार्यक्रमांत श्रोत्यांनाही आपापली वाद्ये घेऊन सामील होण्याचे आवाहन केले जाई.

या कालखंडातील त्यांची १९६९ ची एक रचना लक्षात घेण्याजोगी आहे. तिचे नाव ‘पानुर्जची मेंढरे’. फ्रेंच लेखक राबले यांच्या कथेत पानुर्ज एक मेंढरू समुद्रात फेकतो आणि त्यामागोमाग सगळा कळप उड्या घेतो. त्या कथेवरून हे नाव आले. रचनेत पासष्ट स्वरांची एक ओळ आहे. वादकांनी पहिला स्वर वाजवायचा, मग पहिला-दुसरा, मग पहिला-दुसरा-तिसरा, असे करीत पूर्ण ओळ गाठायची. नंतर सुरुवातीपासून एकेक स्वर गाळीत शेवटच्या स्वरापर्यंत यायचे. सर्वांनी एकसुरात, वेगाने. यात चूक होणे अटळ असते. परंतु संगीतकाराची सूचना अशी की जो वाट चुकला त्याने चुकलेलाच राहावे, पुन्हा कळपात शिरण्याचा प्रयत्न करू नये. त्यामुळे शिस्तबद्ध एकस्वरातून हळूहळू अनेक आवाजांची गर्दी तयार होते. संघटना, शिस्त आणि मतभेद यांचा ज्यांना रोजचा अनुभव आहे त्यांना या सूचनेतील खोच वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

झेव्स्की यांच्या संगीतात राजकारण सरळ उतरले ते १९७१ च्या ॲटिका प्रकरणानंतर. न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका तुरुंगात ९ सप्टेंबर १९७१ रोजी सुमारे तेराशे बंदिवानांनी उठाव केला आणि पहारेकरी व कर्मचारी ओलीस ठेवले. त्यांच्या मागण्या वाचल्या तर एखाद्या कामगार संघटनेचे मागणीपत्रक वाचत असल्यासारखे वाटते. बरे अन्न, वैद्यकीय उपचार, धर्मस्वातंत्र्य, आणि तुरुंगातील श्रमालाही राज्याचा किमान वेतनाचा कायदा लागू करण्याची मागणी. चार दिवस वाटाघाटी चालल्या. राज्यपाल नेल्सन रॉकफेलर यांनी घटनास्थळी येण्यास नकार दिला आणि १३ सप्टेंबरला सशस्त्र पोलीस आत घुसवले. गोळीबारात २९ बंदिवान आणि १० ओलीस ठार झाले. ओलिसांचे गळे बंदिवानांनी चिरले असे प्रथम सांगण्यात आले. शवविच्छेदनात ते सारे सरकारी गोळ्यांनी मेल्याचे निष्पन्न झाले.

ठार झालेल्यांत सॅम मेलव्हिल हा बंदिवान होता. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात न्यूयॉर्कमधील इमारतींत बॉम्बस्फोट घडवल्याबद्दल तो शिक्षा भोगत होता. त्याच्या मार्गाचे समर्थन समाजवादी माणूस करणार नाही, आणि झेव्स्की यांची रचनाही ते करीत नाही. मेलव्हिलने उठावापूर्वी काही महिने लिहिलेले एक पत्र त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यात ना घोषणा आहेत ना आक्रोश. काळ किती भराभर जातो आहे, प्रकृती कशी ठीक आहे, मन कसे स्थिर झाले आहे, असे एखाद्या माणसाने घरी कळवावे तसे ते पत्र आहे. हा शांतपणाच वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो. ‘कमिंग टुगेदर’ या रचनेत झेव्स्की यांनी या पत्रातील काही वाक्ये घेतली आणि पानुर्जच्या मेंढरांची रीत त्यांना लावली. निवेदक वाक्ये एकेक करून वाढवीत जातो, पुन्हा पुन्हा म्हणतो, मग एकेक गाळीत जातो. खाली खर्जातील पाच स्वरांची एक न थांबणारी धाव चालू राहते. बाकीची वाद्ये कोणती असावीत हे ठरवलेलेच नाही. उपलब्ध असतील ती घ्यावीत. प्रथम ऐकताना निरुपद्रवी वाटलेले वाक्य पाचव्या-सहाव्या आवर्तनात तुरुंगाच्या भिंतीवर आपटल्यासारखे ऐकू येते. शब्द तेच राहतात, दाब मात्र वाढत जातो. प्रचारगीतात शब्द भारी आणि चाल नुसती वाहक असते. इथे शब्द साधे आहेत आणि अर्थ रचनेने वाढवला आहे.

याच रचनेचा जोडभाग ‘ॲटिका’ या नावाचा आहे. उठावाच्या नेत्यांपैकी रिचर्ड क्लार्क तुरुंगातून सुटला तेव्हा, ॲटिका मागे टाकताना कसे वाटते, असे त्याला विचारण्यात आले. ॲटिका मागे नाही, समोर आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. झेव्स्की यांनी त्या उत्तरावर अतिशय संथ, जवळजवळ प्रार्थनेसारखे संगीत रचले. दोन्ही भाग लागोपाठ ऐकावेत.

परंतु झेव्स्की यांचे नाव ज्या रचनेमुळे जगभर झाले तिची सुरुवात चिलीमध्ये झाली. १९७० साली साल्वादोर आयेंदे निवडणुकीच्या मार्गाने चिलीचे अध्यक्ष झाले. १९७१ च्या जुलैमध्ये तेथील काँग्रेसने एकमताने तांब्याच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण केले. निर्यातीचा कणा असलेला हा उद्योग तोवर मुख्यतः दोन अमेरिकन कंपन्यांच्या हाती होता. यानंतर कर्ज आटले, सुट्या भागांचा पुरवठा आटला, आणि अमेरिकन गुप्तचर खात्याचा पैसा विरोधकांकडे वाहू लागला. याचे तपशील १९७५ साली अमेरिकी सिनेटच्याच समितीने प्रसिद्ध केले आहेत. १९७३ च्या जूनमध्ये सान्तियागोच्या चौकात संगीतकार सर्खियो ओर्तेगा यांच्या कानांवर एका माणसाची घोषणा पडली : एकवटलेली जनता कधीच पराभूत होणार नाही. घोषणा जुनीच होती. ती डोक्यातून जाईना. काही दिवसांनी पियानोपाशी बसताच त्या लयीवर पूर्ण गीत उमटले, असे ओर्तेगा यांनी सांगितले आहे. ‘किलापायून’ या गायकवृंदाने ते गाऊन लोकप्रिय केले. तीन महिन्यांनी, ११ सप्टेंबरला, लष्कराने सत्ता बळकावली. आयेंदे मरण पावले, विक्तोर हारा हा लोकगायक कैदेत मारला गेला. किलापायून त्या वेळी युरोपच्या दौऱ्यावर होते, म्हणून वाचले. ओर्तेगा फ्रान्समध्ये निर्वासित झाले आणि २००३ साली पॅरिसमध्येच वारले. जनता कधीच पराभूत होणार नाही असे म्हणणारे गीत जगात पसरले ते जनतेचा पराभव झाल्यानंतर! ही विसंगती लक्षात ठेवूनच पुढील रचनेकडे पाहिले पाहिजे.

झेव्स्की यांनी या गीतावर १९७५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पियानोसाठी छत्तीस व्हेरिएशन्स म्हणजे रूपभेद लिहिले. ते वर्षही विसरण्याजोगे नाही. त्याच १९७५ च्या मार्चमध्ये मिल्टन फ्रीडमन चिलीला जाऊन आले होते आणि एप्रिलमध्ये लष्करी राजवटीने त्यांच्या शिष्यांच्या सल्ल्याने ‘धक्क्याचा उपचार’ सुरू केला होता. सरकारी खर्चाला कात्री लागली, बेकारी भडकली आणि त्या एका वर्षात चिलीचे राष्ट्रीय उत्पन्न दहा टक्क्यांहून अधिक घसरले. पाठ्यपुस्तकांतून पुढे याच प्रयोगाचे चमत्कार म्हणून कौतुक झाले.

रूपभेद म्हणजे काय, हे आपल्याकडील बढतीच्या उदाहरणाने थोडेफार समजू शकते. बंदिशीचा मुखडा कायम ठेवून गायक तिचा विस्तार करतो. फरक असा की पाश्चात्त्य रूपभेदांत मूळ चालीची लांबी आणि सांगाडा ठेवून आतले सगळे बदलता येते, आणि ते लिहून ठेवलेले असते. बाख आणि बेटहोव्हेन यांनी या प्रकारातील शिखरे गाठली आहेत. झेव्स्की यांनी मुद्दाम त्यांच्याच पंगतीत बसेल असा भव्य आराखडा घेतला. गीताची चाल छत्तीस मात्राखंडांची, तिचे रूपभेद छत्तीस, आणि सहा-सहांचे सहा गट. प्रत्येक गटातील पहिले पाच रूपभेद वेगवेगळ्या अंगांनी जातात. एक सुटे सुटे स्वर मांडतो, दुसरा लयीशी खेळतो, तिसरा चाल उलगडतो, चौथा स्वरांचे प्रवाह एकमेकांवर घालतो, पाचवा स्वरसंवादांवर भर देतो. सहावा रूपभेद या पाचांचे तुकडे गोळा करतो. आणि सहावा गट आधीच्या पाचही गटांचे सार काढतो. पाच बोटे आणि मूठ, असेच म्हणावे लागेल. घोषणेत ‘एकजूट’ हा शब्द उच्चारणे सोपे आहे. एकजूट कशी घडते, त्यात वेगळेपण कसे शिल्लक राहते, किती वेळा ती फुटते, हे तासाभराच्या वादनात घडताना ऐकू येते. काही रूपभेदांत चाल ओळखूसुद्धा येत नाही, इतकी ती विखुरली जाते. तसे ते विखुरणे नसते तर शेवटी तिच्या परतण्याला काही किंमत उरली नसती.

मध्येच इटालियन कामगार चळवळीचे ‘बांदिएरा रोसा’ ऐकू येते. चिलीतील निर्वासितांना इटलीच्या जनतेने थारा दिला, त्याची ही आठवण. दुसऱ्या एका ठिकाणी हान्स आइस्लर यांचे, ब्रेख्त यांनी शब्द दिलेले ऐक्यगीत डोकावते; जर्मनीत हिटलर सत्तेवर येण्याच्या उंबरठ्यावर ते गायले जात होते. वादकाला कधी शीळ घालावी लागते, कधी पियानोचे झाकण आपटावे लागते. छत्तिसाव्या रूपभेदानंतर वादकाला हवे असल्यास स्वतःचे काही उत्स्फूर्त वाजवण्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे, आणि नंतर मूळ चाल परत येते.

या रचनेचा पहिला कार्यक्रम ७ फेब्रुवारी १९७६ रोजी वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये, अर्सुला ऑपन्स या पियानोवादक बाईंनी केला. निमित्त होते अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचे. ज्या राजधानीतून आयेंदे सरकार खिळखिळे करण्याची सूत्रे हलली तिथेच, राष्ट्रीय उत्सवात, चिलीच्या लोकांची घोषणा तासभर घुमली. यात मौज आहे. परंतु तेवढ्यावर खूश होऊन चालणार नाही. शासनकर्त्यांना तिचा काहीच त्रास झाला नाही, हीही त्याच घटनेची दुसरी बाजू आहे. पुढे ही रचना अवघड रचनांच्या मान्यताप्राप्त यादीत जाऊन बसली. २०१५ साली ईगोर लेव्हिट या पियानोवादकाने ती बाख आणि बेटहोव्हेन यांच्या रूपभेदांसमवेत ध्वनिमुद्रित केली आणि एका बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपनीने ती बाजारात आणली. भांडवलशाहीची पचनशक्ती दांडगी आहे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला निराळे सांगायला नको.

इथे झेव्स्की यांच्या मित्रवर्तुळातलाच एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. इंग्रज संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू याने सत्तरच्या दशकात नव्या प्रायोगिक संगीताचा मार्ग सोडून दिला. हे संगीत साम्राज्यशाहीची सेवा करते, असे त्याचे म्हणणे होते. तो कामगारांसाठी सोपी गाणी लिहू लागला. १९८१ साली मोटारीच्या धडकेने त्याचा अकाली मृत्यू झाला. कार्ड्यूच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण श्रमिकांना सोपेच कळते, या गृहीतात वरून खाली पाहण्याची जी वृत्ती लपलेली असते ती त्याला दिसली नाही. झेव्स्की यांनी अवघडपणा सोडला नाही. त्यांनी त्या अवघड घराच्या मधोमध लोकांना गाता येणारी चाल ठेवली, ज्यामुळे चुकलेल्या श्रोत्याला परत यायला एक खूण राहते. दोघांपैकी झेव्स्की यांचा मार्ग अधिक फलदायी ठरला, असेच म्हणावे लागेल.

१९७८-७९ मधील ‘नॉर्थ अमेरिकन बॅलड्स’ या चार पियानोरचना त्याची साक्ष देतात. चर्चमध्ये सर्वांनी मिळून गाण्याच्या साध्या चालींवर बाखने ऑर्गनसाठी रचना केल्या. त्याच धर्तीवर झेव्स्की यांनी कामगारांची आणि युद्धविरोधी गाणी घेतली. त्यातील एक फ्लॉरेन्स रीस या खाणकामगाराच्या पत्नीचे. १९३१ साली केंटकीतील हार्लन परगण्यात संपाच्या वेळी कंपनीधार्जिण्या शेरिफची माणसे तिच्या घरात शिरून नवऱ्याचा शोध घेत होती. त्यानंतर तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचा कागद घेऊन, तू कोणाच्या बाजूचा, असा सवाल करणारे गीत लिहिले. चौथी रचना दक्षिण कॅरोलायनातील विन्सबरो येथील कापड गिरणीच्या गाण्यावर आहे. तिची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. पियानोच्या अगदी खालच्या पट्ट्यांवर एकाच वेळी अनेक स्वर दाबून वादक यंत्रांची घरघर उभी करतो, पुढे त्यासाठी कोपरापासूनचा हातही वापरावा लागतो. चाल नाही, माणूस नाही, केवळ माग. बऱ्याच वेळाने त्या घरघरीतून थकलेल्या, काहीशा थट्टेखोर ब्लूजचा सूर वर येतो, आणि यंत्र पुन्हा त्याला गिळते. गिरणगावात ज्यांनी पाळीचा भोंगा ऐकला आहे आणि साच्याच्या खात्यात क्षणभर उभे राहून पाहिले आहे, त्यांना हे संगीत समजण्यासाठी कोणत्याही विद्यापीठाची पदवी लागणार नाही.

१९९२ च्या ‘डी प्रोफुंडिस’मध्ये झेव्स्की पुन्हा तुरुंगाकडे वळले. समलिंगी संबंधांसाठी १८९५ साली सक्तमजुरी झालेल्या ऑस्कर वाइल्डने रेडिंगच्या तुरुंगातून लिहिलेल्या दीर्घ पत्राचे उतारे पियानोवादकाने वाजवता वाजवता बोलायचे, मध्येच गुणगुणायचे, धापा टाकायच्या, स्वतःच्या अंगावर थापा मारायच्या. ज्याच्याकडून सर्व काही काढून घेतले आहे त्याच्यापाशी स्वतःचे शरीर एवढेच वाद्य उरते. पुढील काळातल्या काही रचना फार पसरट आहेत. ‘द रोड’ ही अनेक वर्षे लिहीत राहिलेली, तासन्‌तास चालणारी पियानोरचना कादंबरीसारखी खाजगीत वाचावी, अशी खुद्द संगीतकाराची कल्पना होती. ती सर्वत्र सारखी साधली आहे असे म्हणवत नाही.

उपजीविकेच्या दृष्टीने अमेरिकेने या माणसाला फारसे काही दिले नाही. १९७७ पासून बेल्जियममधील लिएज येथील संगीतशाळेत ते शिकवीत राहिले. आणि तरीही आपल्या अनेक रचनांच्या स्वरलिपी त्यांनी इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुल्या केल्या. कोणीही उतरवून घ्यावे, कोणीही वाजवावे. एकाने चाल वाजवली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची चाल कमी होत नाही. अर्थशास्त्र अशा वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणते, आणि बाजार तिच्याभोवती कृत्रिम कुंपण घातल्याखेरीज तिचा नफा कमावू शकत नाही. संगीतावरील मालकीहक्काच्या या कुंपणाबाबत समाजवादी चळवळीने जेवढा विचार करायला हवा होता तेवढा केलेला नाही. झेव्स्की यांनी लेख न लिहिता आपल्यापुरते कुंपण काढून टाकले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सान्तियागोत भुयारी रेल्वेचे भाडे ३० पेसोंनी वाढले आणि लाखो लोक रस्त्यावर आले. भाडेवाढ ही ठिणगी होती. खाजगी केलेले निवृत्तिवेतन, शिक्षण आणि आरोग्य, म्हणजे १९७५ च्या उपचाराचीच पुढची फळे, हे खरे कारण होते. त्या गर्दीने ओर्तेगांचे गीत म्हटले, झेव्स्की यांचे रूपभेद नव्हेत. ते स्वाभाविकच आहे. मोर्च्यात पियानो नेता येत नाही. पुढे चिलीत नव्या राज्यघटनेचे दोन मसुदे, २०२२ आणि २०२३ मध्ये, लोकांनीच मतदानाने फेटाळले. घोषणेत जनता एकवटलेली असते. मतपेटीत ती पुन्हा विखुरते, आणि कशामुळे विखुरली हे कोणी तरी शांतपणे बसून पाहावे लागते. गीत मोर्च्याला पुरते, पण या कामाला अपुरे पडते. छत्तीस रूपभेदांतील ते मधले, चाल हरवलेले, ऐकायला नकोसे वाटणारे भाग याच ठिकाणी उपयोगी पडतात.

ऐकू इच्छिणाऱ्यांनी सुरुवात विन्सबरोच्या गिरणीपासून करावी, मग ‘कमिंग टुगेदर’ ऐकावे. छत्तीस रूपभेद ऐकण्यासाठी एक तास आणि बंद दार लागेल. २०१५ साली झेव्स्की यांनी स्वतः ते पिट्सबर्ग शहरातील एका मासळीबाजारात वाजवले होते. त्या वेळी त्यांचे वय सत्याहत्तर होते.